जागा धरलीय

१

प्रार्थनेला बसल्यावर आमेन म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा आमच्या घरातला नियम माझ्या सासूबाईंनी घातलेला. दूध उतू जावो, नाहीतर दारात पाव्हणा येऊन उभा राहो. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तव्यावरची भाकरी करपते म्हणून मी मधेच उठले होते. ती करपलेली भाकरी सासूबाईंनी स्वतःच्या ताटात वाढून घेतली आणि एक शब्द न बोलता खाल्ली. त्यानंतर मी कधी उठले नाही. म्हणजे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत उठले नाही.

आमचं गाव मुरुमपासून चार-पाच मैलांवर. पावसानं पाठ फिरवल्याला तोवर दुसरं वर्ष लागलं होतं. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या. गावातली निम्मी माणसं पाझर तलावाच्या कामावर गेली होती, आणि आमच्या वस्तीतली ख्रिस्ती घरं तर सगळीच कुलपं लावून तिकडं झोपड्या करून राहिली होती. वस्तीत आम्ही तिघंच उरलो. मी, एस्तेर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझे पती शलमोन, सोसायटीच्या गोदामात मापाडी. आणि सासूबाई नागम्मा. त्यांचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून घरात सगळे त्यांना अव्वा म्हणत.

शलमोन गोदामात तांबड्या मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, पोती उतरवून घरी आले त्या संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. पुढं अंगावर फोड उठले. देवीचे डॉक्टर जीप घेऊन आले, फोडाची खपली काढून बाटलीत घातली, आम्हा दोघींना टोचलं आणि सांगितलं की तपासणीचा निकाल येईपर्यंत या घरातून कुणी बाहेर जायचं नाही आणि कुणी आत यायचं नाही. दारावर गेरूची खूण केली. राखणीला खाजाभाईंना बसवलं. खाजाभाई एरवी गाद्या भरायचे. त्या वर्षी गाद्या कोण भरून घेणार. अंगणापलीकडच्या लिंबाखाली घोंगडं टाकून ते दिवसभर बसून असायचे.

उमरग्याहून महिन्यातून एकदा पाळकसाहेब यायचे, ते बंद झालं. शेजारच्या प्रार्थनेच्या खोलीला कुलूप होतंच. मग आम्ही माजघरात सतरंजी टाकून बसू लागलो, सकाळी, चूल पेटवायच्या आधी. शलमोन बाजेवर पडलेले. मी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे, अव्वा गीत उचलायच्या, आणि प्रभूची प्रार्थना तिघांनी मिळून म्हणायची.

पोलीस पाटील नानासाहेबांनी खाजाभाईंकरवी निरोप धाडला की देवीचं घर आहे, आत मोठ्यानं गाऊ नका, लोक भितात. नानासाहेब वाईट माणूस नव्हते. लोकांनी त्यांना सांगितलं, त्यांनी मला सांगितलं. मी उलट निरोप दिला की माझ्या घरात मी माझ्या आवाजात गाणार, ज्याला भीती वाटते त्यानं कानात कापूस घालावा, खाजाभाईंकडं आहे थोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गीताचं एकही कडवं सोडलं नाही.

त्याच सकाळी पहिल्यांदा तो टँकर आला.

२

टँकर उमरग्याहून यायचा. कधी सकाळी, कधी दुपारच्या आत, कधी येतच नसे. गावात रांग लागायची आणि गावातलं आटोपलं की तो परतीच्या वाटेवर आमच्या अंगणाबाहेर थांबायचा. मी घागरी अंगणाच्या कडेच्या दगडावर ठेवून मागं सरायचं, टँकरवरच्या माणसानं लांबूनच नळी सोडायची. आमच्या घागरीला हात लावायला तो तयार नव्हता. दगडावर घागरी दिसल्या नाहीत तर ड्रायव्हर गाडी थांबवतही नसे. बाहेर घागरी ठेवून द्याव्यात, तर तहानलेली गुरं येऊन लवंडून टाकत. मातीची एक फुटलीच होती तशी. तांब्याच्या दोन राहिल्या होत्या.

त्या सकाळी प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ असं भाकरीचं मागणं येतं तिथवर आम्ही आलो होतो. चढावर गाडीनं गिअर बदलल्याचा घरघराट ऐकू आला. मग मागच्या साखळीचा खणखणाट. दोनदा हॉर्न. बायकांची पळापळ, घागरीवर घागर आपटल्याचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी ढकलल्यावरून झालेली बोलाचाली. आणि त्या सगळ्यातून एक बाईचा आवाज, अगदी ओळखीच्या स्वरात, समजुतीनं बोलल्यासारखा.

"एस्तेरबाई, या. जागा धरलीय."

मी डोळे उघडले. अव्वांचे मिटलेले होते, पण ओठ थांबले होते. रांजणात तळाला वीतभर पाणी होतं आणि शलमोन रात्रभर पाणी पाणी करत होते. मी उठले. घागरी उचलल्या, दार उघडलं आणि बाहेर आले.

रस्त्यावर काही नव्हतं. धुळीवर चाकांची खूण नव्हती, एखाद्या पावलाचीही नव्हती. लिंबाखाली खाजाभाई दात घासत बसले होते. मी टँकर कुठं गेला म्हणून विचारलं तर ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले की अजून आला न्हाय बाई, आला असता तर मी हाक मारली नसती का.

मी घागरी घेऊन आत आले. अव्वा एकट्याच प्रार्थना पुरी करत होत्या, फार हळू, एकेक शब्द हातानं उचलून ठेवावा तशा.

मी शाळेत विज्ञानही शिकवत असे. मनाशी म्हटलं, उन्हाळ्यात हवा तापली की लांबचे आवाज जवळ वाटतात. मुरुमच्या रस्त्यावरून एखादा ट्रक गेला असेल. राहिला तो बाईचा आवाज. पण उपाशी माणसाला जेवणाचा वास येतो, तसंच हेही असणार.

खरा टँकर दुपार व्हायच्या बेतात आला.

३

पुढच्या सकाळीही तसंच झालं, त्याच ओळीपाशी. मी दात आवळून बसून राहिले, पण हॉर्न वाजला तसे माझे पाय आपोआप सरळ झाले. बाहेर तीच धूळ.

अव्वांना काही ऐकू येतं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्या हो म्हणाल्या असत्या, तर माझ्या तापलेल्या हवेचं काय झालं असतं? त्यांनीही मला काही विचारलं नाही. फक्त भाकरी थापता थापता म्हणाल्या की सकाळी टँकरच्या येळेला बसण्यापरीस दिवेलागणीला बसू. मी लगेच हो म्हटलं.

दिवेलागणीला बसलो. टँकर दिवेलागणीला आला.

मग मी ठरवलं की याचा नीट छडा लावायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी सतरंजीवर नुसतीच बसले, हात मांडीवर ठेवून, मनात पाढे म्हणत. काही आलं नाही. रस्ता गप्प, गाव गप्प, लांब कुठं तरी एक कुत्रं. मग मी ओठ न हलवता, आवाज न करता, मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. भाकरीपाशी आले आणि चढावर गिअर बदलला.

त्या वेळी मला पहिल्यांदा घाम फुटला. पण त्या भीतीखालून दुसरंही काही वर आलं, आणि ते मी लपवणार नाही. मला राग आला. आमचा पाऊस गेला, विहीर गेली, वस्ती गेली, प्रार्थनेची खोली गेली. माजघरातली ही एवढीशी जागा राहिली होती, आणि तिथूनही मला कुणीतरी उठवू बघत होतं.

मी अव्वांना सगळं सांगितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मला पहिल्या दिसापासनं ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "उठू नगंस. काय बी झालं तरी उठू नगंस."

आम्ही पुन्हा सकाळीच बसू लागलो, पण उठणं सोडलं. त्यानंतर एका सकाळी आवाज आला, आम्ही बसून राहिलो, आमेन म्हटलं, आणि बाहेर आलो तर रस्त्यावर ओली चाकोरी उमटलेली होती आणि खाजाभाई हात उडवत होते. तो खरा टँकर होता. त्यांनी हाका मारल्या होत्या म्हणे. आम्हाला त्या हाका ऐकू आल्या होत्या, पण हाका तर रोजच येत होत्या.

त्या दिवशी रांजण खरवडून पाणी काढलं. शलमोन निम्मं प्याले आणि त्यांनी आणखी मागितलं.

४

त्यावर मी अशी तोड काढली की प्रार्थनेला बसायच्या आधी एक घागर दगडावर ठेवायची आणि खाजाभाईंनी गुरांवर नजर ठेवायची. खरा टँकर आला तर घागर भरेल, खोटा आला तर आमचं काही जात नाही. बसायची वेळही उन्हं कलल्यावरची धरली, कारण दुपारनंतर टँकर कधीच येत नसे. ड्रायव्हरला उजेडात उमरगा गाठायचं असायचं.

पहिल्याच दिवशी, भाकरीच्या मागण्यापाशी, टँकर आला. या वेळी पाण्याचाही आवाज होता. घागरीच्या तळाला धार पडते तेव्हाचा मोठा आवाज, मग भरत जाते तसा बारीक होत जाणारा. कुठल्याही बाईला डोळे मिटून कळेल की आता गळ्यापर्यंत आलं, आता काठोकाठ झालं. बाजेवर शलमोन कण्हले. आम्ही आमेनपर्यंत बसलो.

बाहेर दगडावर घागर भरलेली होती.

खाजाभाई लिंबाखाली उभे होते. मी त्यांना काही विचारायच्या आधीच त्यांनी मान हलवली, की कुणीच आलेलं नाही. मी घागर उचलून आत आणली. भरल्या घागरीला जेवढं वजन असावं तेवढं होतं. पाणी स्वच्छ होतं, तळाच्या ठोक्याच्या खुणा मोजता याव्यात इतकं. टँकरचं पाणी त्या साली गढूळ असायचं आणि त्याला डिझेलचा वास यायचा. याला कसलाच वास नव्हता.

अव्वांनी तांब्या आणला. मी त्यांना थांबवलं आणि आधी स्वतःचा हात बुडवला. कोपरापर्यंत गार झाला. इतकं गार पाणी मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. हात बाहेर काढला तर कोरडा होता. बोटाच्या पेरावर थेंब नाही, बांगडीला थेंब नाही. उन्हानं वाळला म्हणावं, तर मी घरात उभी होते. पुन्हा बुडवला, पुन्हा कोरडा. हात मात्र गारठून बधिर झाला होता.

"अव्वा, हे पाणी नाही," मी म्हणाले.

"पाणी हाय की. दिसतंय की मला."

"हात घालून बघा."

त्यांनी हात घातला नाही. तांब्या पुढं केला. जिनं मला काही झालं तरी उठू नको म्हणून बजावलं होतं, ती बाई त्या वेळी समोर नव्हती. समोर एक आई होती आणि बाजेवर तिचा मुलगा होता.

"पोरगा जळतोय माझा," त्या म्हणाल्या. "कुणाचं का आसंना. दे त्याला."

मी घागर कमरेवर घेतली आणि अंगणात गेले. अव्वा माझ्या मागं दारापर्यंत आल्या, मला शिव्या देत, कानडीत, मला न कळणाऱ्या. मी घागर उपडी केली.

पाणी पडताना दिसलं, आवाजही झाला. एका घागरीत मावेल त्याच्या कितीतरी पट वेळ ते पडत राहिलं. माझे हात भरून आले तरी पडत होतं. खाली अंगणातून मुंग्यांची ओळ चालली होती. पाणी नेमकं त्या ओळीवर पडत होतं, आणि मुंग्या आपल्या वाटेनं तशाच चालल्या होत्या. एकही ओळीतून हलली नाही. धूळ दबलीसुद्धा नाही.

दुष्काळाच्या साली भरली घागर ओतून देताना मला पाहिलेला बाहेरचा माणूस एकच, खाजाभाई. त्यांनी तोंड फिरवलं.

५

अव्वा त्या रात्री माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खरा टँकर आलाच नाही. खाजाभाई सांगत होते की वाटेत मोडून पडलाय, उमरग्याहून माणूस येऊन दुरुस्त करणार. त्यांनी स्वतःच्या सुरईतलं थोडं पाणी आमच्या दगडावरच्या वाटीत लांबून ओतलं. ते मी शलमोनच्या ओठांना लावलं. त्यांचे ओठ ओले झाले ते मी बराच वेळ बघत बसले.

वाटी परत ठेवायला बाहेर आले तेव्हा खाजाभाई म्हणाले, "बाई, एक सांगू का. तुमी मला रोज इचारायच्या, टँकर ऐकू आला का. म्या न्हाय म्हणायचो. ते खोटं न्हवतं. हितं बसल्यावर मला काय बी ऐकू येत न्हाय. पन नमाजीला हुबा ऱ्हायलो की येतं. पाठीमागनं येतं. माझ्या नावानं हाक मारतंय कोन तरी."

मी विचारलं की मग तुम्ही काय करता.

"नमाजीत वळून बघायचं नसतंय," ते म्हणाले. "म्या बघत न्हाय."

एवढंच बोलणं झालं. ते घोंगड्यावर जाऊन बसले. पण मी आत आले ती वेगळ्या पायांनी आले. तापलेली हवा, तहान, थकलेलं डोकं, अशी जी कारणं मी जपून ठेवली होती ती सगळी तिथंच गळून पडली. त्यांच्या जागी एवढंच राहिलं की माझ्यासारखंच दुसरंही एक माणूस रोज पाठीवर ते झेलतंय, आणि वळत नाही.

मी दाराकडं बघितलं. आवाज सुरू झाल्यापासून आम्ही दाराला आडणा, आतलं आडवं लाकूड, घालून प्रार्थनेला बसत होतो. कधीपासून घालायला लागलो ते आठवेना. कुणी ठरवलंही नव्हतं. मला त्या आडण्याची लाज वाटली.

६

त्या दिवशी उन्हं कलल्यावर मी सतरंजी टाकली आणि दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. आमचं दार पश्चिमेला. ऊन सरळ आत आलं, सतरंजीच्या कडेपर्यंत. अंगणापलीकडं खाजाभाई असरच्या नमाजीला उभे राहत होते, पश्चिमेला तोंड करून, आमच्याकडं पाठ. अव्वांनी दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गुडघे टेकले. रिकामी घागर त्यांनी जवळ ठेवून घेतली होती. ती मला दिसली, पण मी ती तिथंच राहू दिली.

मी शास्त्र वाचलं. गीत मीच उचललं, कारण अव्वांनी उचललं नाही. नानासाहेबांना त्यांच्या घरात ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हटलं. मग प्रार्थना सुरू केली आणि ठरवलं की आज डोळे मिटायचे नाहीत.

टँकर आला. चढ, साखळी, हॉर्न. या वेळी तो रस्त्यावर थांबला नाही, अंगणात आला. इंजिन बंद झालं ते अगदी उंबऱ्याशी. अंगणात काही नव्हतं. समोर लिंब, खाजाभाईंची वाकलेली पाठ, मावळतीकडं झुकलेला सूर्य थेट माझ्या डोळ्यांत. मधे आड येईल असं काहीच नाही.

आणि तरीही उंबऱ्यावरून आत सावल्या येऊ लागल्या.

एकीमागं एक. डोक्यावर घागर, घागरीवर घागर, खांद्यावरून पडलेला पदर, कमरेवर टेकवलेला हात. बायकांची रांग, उन्हात उभी राहून कंटाळलेली, वजन या पायावरून त्या पायावर टाकणारी. जमिनीवर सगळं नीट दिसत होतं. वर बघितलं की नुसतं ऊन. रांग सतरंजीच्या कडेशी येऊन थांबली. तिच्यात मधेच, उंबऱ्याला लागून, एक जागा मोकळी होती, एका माणसापुरती. तिथं स्वच्छ ऊन पडलं होतं. मागच्या सावल्या दाटीवाटीनं उभ्या होत्या, तरी कुणी ती जागा घेत नव्हतं.

या वेळी नाव माझं नव्हतं.

"नागम्मा," कुणीतरी म्हणालं, समजुतीच्या स्वरात. "ये बाई. जागा धरलीय."

अव्वा उठल्या. घागर कमरेवर घेतली, रोज पाण्याला निघत तशा. दोन पावलांत त्या दारातल्या उन्हाशी पोचल्या. मी गुडघ्यावरच होते. मी हात लांब करून त्यांचा पदर धरला.

त्या मागं वळल्या नाहीत. नुसत्या चालत राहिल्या, आणि मी सतरंजीसकट त्यांच्यामागं ओढली गेले. त्या साठीच्या होत्या, दोन वर्षं अर्धपोटी काढलेल्या, आणि तरीही एखाद्या बैलाची वेसण धरून ठेवावी तसा माझा खांदा निखळायला आला. मी पदराचा पीळ मनगटाला घातला. उठले नाही. प्रार्थनाही सोडली नाही. भाकरी मागून झाली, क्षमा मागून झाली, आणि मी एकेक ओळ ओरडून म्हणत होते, शाळेत दंगा झाल्यावर ओरडते तशी. माझ्या आवाजात भक्ती किती होती ते देव जाणो. हट्ट मात्र सगळा माझा होता.

अव्वांचा पाय उंबऱ्यावर गेला. त्या मोकळ्या जागेपासून वीतभर अंतरावर.

मी आमेन म्हटलं.

सावल्या लगेच गेल्या नाहीत. आधी रांग हलली. मागची बाई एक पाऊल पुढं आली, तिच्यामागची तिच्यामागं आली, आणि ती जागा बुजली. रेशनच्या रांगेत, एखादी येत नाही म्हटल्यावर सरकतात, तशा निमूटपणे त्या सरकल्या. मग जमिनीवर नुसतं ऊन होतं. अव्वा उंबऱ्यात मटकन खाली बसल्या आणि घागर घरंगळत अंगणात गेली.

पलीकडं खाजाभाईंची नमाज संपत आली होती. शेवटी सलाम फिरवताना मान वळवावीच लागते, आधी उजव्या खांद्याकडं, मग डाव्या. त्यांनी उजवीकडं वळवली. डावीकडं वळवली, आणि तशीच राहिली. किती तरी वेळ ते आमच्या अंगणाच्या कोपऱ्याकडून जाणाऱ्या वाटेकडं बघत होते. तिथं त्यांना काय दिसलं ते मी पुढं कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

७

दुसऱ्या सकाळी टँकर दुरुस्त होऊन आला. गढूळ पाणी, डिझेलचा वास. मी त्यात हात बुडवून बाहेर काढला आणि तोंडावरून फिरवला, आणि ओल्या तोंडानं तशीच दगडापाशी उभी राहिले. टँकरवरचा माणूस हसला. मी शलमोनना उठवून बसवलं आणि त्यांना पाहिजे तेवढं पिऊ दिलं. मग अव्वांना दिलं. अव्वा प्याल्या, तांब्या खाली ठेवला आणि पहिल्यांदा रडल्या.

नंतर तपासणीचा निकाल आला. देवी नव्हत्या, कांजिण्या होत्या. मोठ्या माणसाला झाल्या की त्या असेच हाल करतात म्हणाले. दारावरची गेरूची खूण मीच पुसली. खाजाभाई घोंगडं गुंडाळून घरी गेले.

पाळकसाहेब आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वेडी म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचं ऋण मानते. म्हणाले की काही दिवस हे घर सोडा, उमरग्याला मिशनच्या आवारात खोली आहे, शलमोनची तब्येतही सुधारेल. अव्वा माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी सांगितलं की येणार नाही. आम्ही इथून उठलो, तर त्या हाका मारणाऱ्यांना जे पाहिजे होतं तेच केल्यासारखं होईल. पाळकसाहेबांनी आमच्या घरासाठी प्रार्थना केली. ती करताना त्यांनी एकदा मान वर करून रस्त्याकडं बघितलं. मग डोळे मिटले आणि पुढची ओळ जरा घाईनं म्हटली.

अव्वा माझ्यावर रागावल्या नाहीत, आणि मी केलं ते बरं केलं असंही कधी म्हणाल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून प्रार्थनेला बसताना आपल्या पदराचं टोक घ्यायच्या, माझ्या पदराला गाठ मारायच्या आणि मगच डोळे मिटायच्या.

शलमोन त्याबद्दल पुढं बोलले ते पावसाळा लागल्यावर. पाऊस त्या वर्षी आला, आणि वस्तीतली घरंही एकेक करून उघडली. ते बाजेवर बसून सोसायटीच्या तराजूच्या दोऱ्या वळत होते. तोंडावर व्रण राहिले होते, पण हात पहिल्यासारखे चालत होते. मी जोंधळे निवडत होते. ते म्हणाले की तुम्ही दोघी टँकर टँकर म्हणता, पण त्या दिवसांत मला टँकर कधीच ऐकू आला नाही.

मी विचारलं, मग काय ऐकू आलं.

"तुझा आवाज," ते म्हणाले. "आणि तुझ्या मागून बाहेरच्या माणसांचा. खूप माणसं होती. तू म्हणशील ते तुझ्या मागून म्हणत होती. अर्धवट आठवल्यासारखी, चाचरत. मला वाटलं, तलावाच्या कामावरनं आपली माणसं परत आली." त्यांचे हात थांबले. "भाकरी मागायची ओळ त्यांना येत होती. पुढचं येत नव्हतं. तिथं आली की थांबायची. एस्तेर, तू त्यांना आत का नाही बोलावलंस?"

मी सुपातले खडे वेचत राहिले. अव्वा चुलीपाशी होत्या. त्यांचीही फुंकणी थांबली होती. पाण्यावाचून मेलेली माणसं त्या साली आमच्या भागात कमी नव्हती, आणि त्यातल्या कुणाला काय हवं असेल, ते मी त्याआधी कधी मनात आणलं नव्हतं. त्या वेळी आणलं. तरीही मला कसलाच पस्तावा झाला नाही.

"दार उघडं होतं," मी म्हणाले. "यायचं होतं तर त्यांनी आत यायचं. आम्हाला कशाला बाहेर बोलवायचं?"

उन्हं कलली होती. मी सूप बाजूला ठेवलं, दोन्ही फळ्या भिंतीला टेकवल्या, आणि आम्ही प्रार्थनेला बसलो.